पिवळ्या रेघेच्या आत

कात्रीला राग यायला कारण लागत नाही, असं सगळं युनिट म्हणायचं. साफ खोटं! कारण दर वेळी असायचं. ऐकणाऱ्याला ते गैरसोयीचं असायचं, एवढंच.

कात्री म्हणजे युनिटच्या शिवणकामाच्या शेडमधली बाई. गणवेश बेतायचे, फिती लावायच्या, बढती हुकली की त्याच फिती उसवायच्या, असा सगळा कारभार तिच्या टेबलावर चाले. तिची जीभ आणि तिच्या हातातली कात्री यांत जास्त धारदार कोण, यावर जवानांच्या पैजा लागत. नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण तिच्या तोंडावर म्हणायची छाती कुणाचीच नव्हती. एक सोडून. तो तिचा नवरा. तो तिला सरळ हाक मारायचा, "अगं कात्रे, चहा टाकतेस का?" आणि ती टाकायची.

त्या दोघांचं जमलं कसं, हे कोडंच होतं. ती तोफ आणि तो मेणाचा पुतळा. पहिल्यांदा तो तिच्याकडे फीत लावून घ्यायला आला, तेव्हा हिची टाचणी कापडातून आरपार जाऊन त्याच्या दंडात घुसली. पठ्ठ्या हूं की चूं करेल तर शपथ! रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा हिलाच कळलं. "बोलायला काय झालं होतं? तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" ती खेकसली. तर म्हणाला, "तुम्ही हलू नका म्हणाला होतात." या एका वाक्यावर तिने लग्न केलं, आणि पुढे सगळी वर्षं याच एका वाक्याशी ती भांडत आली.

शेडच्या खिडकीतून टेकडी दिसायची. टेकडीवर रडार गरगरत असायचं, त्याच्या पोटाशी केबिन, आणि केबिनच्या पुढे खडीच्या मैदानात लाँचर. हवाई दलाचं हे युनिट म्हणजे आभाळाची राखण. परकं विमान आलं की रडारने बघायचं, केबिनने ठरवायचं, आणि लाँचरने मिसाईलचं तोंड तिकडे फिरवून तयार राहायचं. तो लाँचर म्हणजे घराएवढं धूड, पण भोंगा झाला की एवढ्या चपळाईने गर्रकन फिरायचा की बघणाऱ्याने मागे व्हावं. म्हणूनच त्याच्याभोवती जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. लाँचर फिरताना रेघेच्या आत माणूस असता कामा नये.

नवऱ्याचं काम त्या रेघेच्या आतलं. भोंगा झाला की मिसाईलवरचं ताडपत्रीचं कव्हर ओढून काढायचं, लाल फिती बांधलेल्या पिना उपसायच्या, आणि पळत रेघेबाहेर येऊन हात वर करायचा. कव्हरही कात्रीने शिवलेलं आणि लाल फितीही तिच्याच हातच्या. जाड सुईने ताडपत्री शिवून तिच्या बोटांना घट्टे पडले होते, आणि त्या घट्ट्यांचा तिला कुठल्याही अंगठीपेक्षा जास्त तोरा होता.

त्यानंतर यायची फेरी. फेरीचा माणूस वेगळा. त्याने लाँचरभोवती पूर्ण चालायचं, पलीकडची बाजू डोळ्यांनी बघायची, कोणी आत राहिलं नाही ना याची खात्री करायची, आणि मगच ओरडायचं, "मोकळं!" ते ऐकल्याशिवाय लाँचर फिरवणाऱ्याने दांड्याला हात लावायचा नाही. कधीकाळी कुणाची तरी हाडं मोडली असतील, तेव्हा हा नियम झाला असेल. नियम असेच होतात. मोडणाऱ्यांना त्याचं काय!

फेरीच्या माणसाला सगळे गवई म्हणत. त्याचा आवाज टेकडीवरून खालच्या घरांपर्यंत खणखणीत पोचायचा. कात्रीला तो वहिनी म्हणायचा आणि तिच्या नवऱ्याला दादा. सुट्टीच्या दिवशी तो हमखास यांच्याकडे जेवायला. बायको आणि रांगती मुलगी गावाकडे, म्हणून इथे हक्काचं घर हेच.

मग आले नवे साहेब. मनगटावर घड्याळ, खिशात घड्याळ, आणि हातात स्टॉपवॉच. जवानांनी आठवड्याच्या आत नाव पाडलं, सेकंदकाटा. साहेबांना वेडच होतं ते. बूट किती वेळात चमकतात, रांग किती वेळात लागते, लाँचर किती वेळात फिरतो, सगळं मोजायचं. युनिटा-युनिटांमध्ये सरावाची स्पर्धा असते आणि जिंकणाऱ्याला कप मिळतो. साहेबांना तो कप हवा होता. कप आला की साहेबांची बढती आली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आता वेळ वाचवायचा तर कुठून वाचवणार? कव्हर काढल्याशिवाय भागत नाही, पिना उपसल्याशिवाय भागत नाही. राहता राहिली फेरी. साहेब एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन गवयासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय रे, तुला इथून दिसत नाही? एवढे डोळे दिलेत देवाने. तिकडे कशाला हिंडून येतोस? जागेवरून ओरड." झाला हुकूम. कागदावर नाही, वहीवर नाही. असले हुकूम कधी कोणी लिहून देतं का? गवई म्हणाला, "यस सर," आणि दुसऱ्या दिवसापासून जागेवरून ओरडायला लागला.

नवऱ्याने हे घरी सांगितलं तेव्हा कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? हुकूम आहे."

"उद्या साहेब म्हणाले विहिरीत उडी मारा, तर?"

"तर पाणी किती, ते विचारायचं नसतं," तो हसत म्हणाला. हसत! तिने ताट असं आदळलं की शेजारीण दार उघडून बघायला आली.

ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. साहेब नव्या गणवेशाचं माप द्यायला शेडमध्ये आले, तेव्हा खांद्यावर मापाची फीत धरून, तोंडातल्या टाचण्या बाजूला काढून ती म्हणाली, "साहेब, फेरी बंद केलीत म्हणे. पलीकडे माणूस राहिला तर?" साहेबांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही बाहीचं बघा," ते म्हणाले, "लाँचरचं आम्ही बघतो." तिने टाचणी कापडातच लावली. अंगात लावायला हवी होती.

कप आला. झळाळता, दोन कानांचा. फोटो निघाले. फोटोत साहेब मध्ये, आणि गवई, नवरा, फिरवणारा असे सगळे बाजूला ताठ. फिरवणारा म्हणजे मुका. तो मुका नव्हता, पण बोलायचा इतकं कमी की नाव पडलं. त्याचं काम हातांचं. भोंगा झाला, कव्हर गेलं, हात वर झाले, आवाज आला, दांडा ओढला. दिवसातून कितीदा तरी तेच. त्याचे हात आता स्वतःच ते करायला शिकले होते. साहेब कौतुकाने म्हणायचे, "झोपेतसुद्धा हा चुकणार नाही."

मग ती दुपार आली. कात्री एका जाड कॉलरशी झगडत होती. भोंगा झाला. "मोकळं!" असा गवयाचा आवाज आला. लाँचरची ती रोजची घरघर सुरू झाली. आणि त्या घरघरीत एक आवाज मिसळला, जो त्यात कधीच नसायचा. तिने कॉलर तिथेच टाकली आणि धावत सुटली. कुणी सांगायला यायच्या आत तिला कळलं होतं.

झालं होतं एवढंच की ओढताना कव्हरचं एक टोक पलीकडच्या आकड्यात अडकलं. नवऱ्याने बाहेर येऊन हात वर केला होता, पण ते टोक लोंबताना दिसलं, तसा सोडवायला परत आत गेला. पलीकडे. जिथे फेरी मारली असती तर तो समोर दिसला असता, आणि जागेवरून मात्र दिसला नाही. लाँचरखाली चिरडलेला गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांना काढावा लागला.

साहेब दवाखान्यात आले. खाटेपासून चांगले दोन हात लांब उभे राहिले, इस्त्री मोडू नये म्हणून की काय. विचारपूस करतील असं तिला वाटलं होतं. साहेब म्हणाले, "आत कशाला गेलास? रेघ कशाला मारलीय?"

आणि नवरा, ज्याला अजून धड शुद्ध नव्हती, तो हात कपाळाकडे न्यायला लागला. सलाम ठोकायला! "सॉरी सर," तो म्हणाला.

ती उठली. तिच्या तोंडातून त्या वेळी जे निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही. नर्सने तिला दंडाला धरून बाहेर नेलं, आणि साहेब दुसऱ्या दाराने गेले. त्यानंतर शेडमध्ये कुणी तिच्याशी नीट बोलेना. साहेबांवर तोंड टाकणारी बाई म्हणजे संसर्गाचा रोगच जणू! पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं शेडच्या मुकादमाने तिला समजावलं. ती म्हणाली, "मासा माझ्या नवऱ्याचा पाय खाऊन गेला, मुकादम. आता वैर नको तर काय त्याला दाणे टाकू?"

वर चौकशी बसली. मुख्यालयातून कोणी मोठे अधिकारी येणार होते. तोवर सगळ्या युनिटमध्ये एकच शब्द फिरत होता, शिस्तभंग. माणूस रेघेच्या आत गेला म्हणजे शिस्तभंग त्याचाच. फेरीचं नाव कोणी काढेना. सगळ्यांना माहीत, भिंतींना माहीत, पण तोंड उघडायला कोण तयार! चौकशीत आता एकाच माणसाच्या शब्दाला वजन होतं, ते म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. आणि तो काय म्हणणार होता? त्याने ते ठरवून टाकलं होतं.

"मी म्हणणार, चूक माझी," त्याने सांगितलं. कुबड्या भिंतीला टेकलेल्या, तो पलंगावर बसलेला. दोन खोल्यांच्या त्या घरात आता चालायला जागा उरली नव्हती, जिथे तिथे काहीतरी त्याला धरायला हलवून ठेवलेलं.

"चूक तुमची? हिंडला नाही कोण? हिंडू नको म्हणाला कोण?"

"अगं, नीट ऐक. मी म्हटलं फेरी झाली नाही, तर पहिलं काय विचारतील? मोकळं कोण ओरडला? गवई. साहेब म्हणतील, मी असा हुकूम दिलाच नव्हता. लिहिलेलं कुठेय? मग गवई आत जाईल. तुरुंगात. त्याची पोर अजून रांगतेय. माझं जायचं ते गेलं. एक गेला तेवढा पुरे."

"आणि तुमच्या नावाला काळं लागेल त्याचं काय? एवढी वर्षं इमानाने झिजलात, आणि बाहेर पडताना शिस्त मोडणारा म्हणून हाकलणार!"

"लागू दे."

"लागू दे म्हणे! वा रे वा!" ती कडाडली. "चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ऐकलं होतं. इथे दोन संन्यासी 'आधी मला, आधी मला' म्हणून भांडतायत, आणि चोर घड्याळात बघतोय! आणि उद्या कव्हर काढायला दुसरा कोणी येईल, त्याचं काय? तोही कुणाचा तरी नवराच असेल ना?"

तो भिंतीला टेकलेल्या कुबड्या नीट लावायला लागला. हीच तर त्याची जुनी खोड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, आणि वर मारणाऱ्याचा हात दुखला का ते बघायचं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी गवई आला. अपघातानंतर पहिल्यांदाच. दारात उभा, आत यायची हिंमत नाही. गाल बसलेले. तिने त्याला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"वहिनी, मारा मला," तो म्हणाला.

"मारून काय होणार? पाय उगवणार आहे?"

"मला जगवत नाही वहिनी."

"मग ओरडायच्या आधी दोन पावलं चालवत नव्हती का रे? पायात काय खिळे ठोकले होते?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या हातचं जेवलास तू. ताटाशेजारी ताट लावून बसायचास त्यांच्या."

"अगं, पुरे," आतून नवरा म्हणाला. "आत ये रे तू."

गवई आत आला आणि जे सांगायचं होतं ते त्याने मान खाली घालून सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. उद्या चौकशीचे अधिकारी लाँचरपाशी येणार, रोजचा सराव करून दाखवा म्हणणार. तेव्हा फेरी मारायची. पूर्ण. ऐटीत. मुक्याला सांगितलंय, आवाज आल्याशिवाय दांडा ओढायचा नाही. आधी एकदा करून बघू का, असं कोणीतरी विचारलं, तर साहेब म्हणाले, नको, लोक बघतील आणि विचारतील आजच का. फेरी म्हणजे काय मोठं शास्त्र आहे, चालायचं तर आहे!

म्हणजे उद्या ते मोठे अधिकारी बघणार की इथे फेरी रोज अगदी नियमाने होते. मग पाय गेला तो फक्त याच्याच चुकीने.

कात्रीने गवयाला दाराकडे बोट दाखवलं. तो गेला. त्यानंतर ती मशीनवर बसली, नवऱ्याचा धुतलेला गणवेश पुढे घेतला आणि विजारीचा एक पाय गुडघ्याखाली कापला. बाकीचे लोक असं कापड दुमडून टाचणी लावतात. तिला तिच्या माणसाला टाचणी लावायची नव्हती. तिने कड आत वळवून नीट शिवली, दुहेरी. आयुष्यभर तिने माणसांना बसतील असे कपडे शिवले होते, आणि आज ती एक पाय नसलेल्या माणसाची विजार शिवत होती. साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि शिलाई मात्र रेषेसारखी सरळ येत होती.

सकाळी ती त्याला चाकांच्या खुर्चीतून वर घेऊन गेली. खडीतून खुर्ची ढकलायला कोणीतरी हवंच, म्हणून तिला फाटकात अडवलं नाही. साहेब ताजी इस्त्री करून उभे. तिच्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुण्यांदेखत काय बोलणार! चौकशीचे अधिकारी वयस्कर, पोट सुटलेले, हळू बोलणारे. त्यांनी नवऱ्याशी हात मिळवला. "त्रास देतोय तुम्हाला," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत ही एवढी साधी गोष्ट म्हणणारे ते पहिलेच.

मग ते साहेबांना म्हणाले, "रोज करता तसंच करून दाखवा."

भोंगा झाला. नवऱ्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाने कव्हर ओढलं, पिना उपसल्या, पळत बाहेर येऊन हात वर केला. गवई फेरीला निघाला. छाती काढून, एक-एक पाऊल मोजून टाकत तो लाँचरच्या मागे दिसेनासा झाला. झालं, कात्रीच्या मनात आलं, जिंकला मेला सेकंदकाटा. तिने खुर्चीची मूठ इतकी आवळली की बोटं पांढरी पडली.

आणि मग जे झालं ते कुणाच्या हुकुमाने झालं नाही. साहेबांच्या हातात स्टॉपवॉच होतं. वेळ मोजायला कुणी सांगितलं नव्हतं, पण भोंगा झाल्याबरोबर त्यांच्या अंगठ्याने आपणहून ते दाबलं होतं. आणि मुका? मुक्याला कालच बजावलं होतं, थांब. त्याला ते आठवतही असेल. पण त्याच्या हातांना कुणी सांगितलं होतं? भोंगा झाला, कव्हर गेलं, हात वर झाला. यानंतर थांबायचं असतं हे ते हात केव्हाच विसरले होते. साहेबांनीच विसरायला लावलं होतं. दांडा खाली आला. घरघर सुरू झाली. गवई अजून मागेच होता.

"खाली पड! गवई, खाली पड!"

हा आवाज कुणाचा ते कात्रीला पटकन कळलंच नाही. टाचणी टोचली तरी न ओरडणारा माणूस तिच्या पुढ्यात, खुर्चीत अर्धा उठून, घसा फाडून ओरडत होता. लाँचर गर्रकन फिरला. कुणीतरी लाल बटण दाबलं. घरघर थांबली.

पहिली पिवळी रेघ ओलांडली ती कात्रीने. गवई खडीत पालथा पडला होता. वरून मिसाईलचं टोक त्याची टोपी घेऊन गेलं होतं. त्याला उताणा करून तिने आधी एक थोबाडीत लगावली, आणि मग त्याचं डोकं पोटाशी धरलं. "जिवंत आहेस ना रे मेल्या? बोल ना! जिवंत आहेस ना?" त्याचे दात नुसते वाजत होते. महिनाभर ज्याला शिव्याशाप दिले, त्याला ती लेकरासारखा उठवून रेघेबाहेर घेऊन आली.

मुका दांड्यापाशी आपल्याच हातांकडे बघत उभा होता.

"सर, पोरं घाबरलेली आहेत," साहेब घाईघाईने म्हणाले. "आपल्यासमोर करायचं म्हणून गडबडली. एरवी असं कधी…"

अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते खुर्चीपाशी आले, वाकले. "मला खरं सांगा," ते म्हणाले. "त्या दिवशी फेरी झाली होती?"

नवऱ्याने गवयाकडे बघितलं. गवयाच्या हनुवटीवर खडी रुतली होती आणि तिथून रक्त येत होतं. मग नवऱ्याने मुक्याच्या हातांकडे बघितलं, आणि नव्या माणसाकडे, जो अजून हात वर करूनच उभा होता.

"नाही सर," नवरा म्हणाला. "त्या दिवशीच नाही, फेरी इथे कोणीच…"

"सावधान!"

सेकंदकाट्याचा आवाज मैदानभर कडाडला. आणि काय सांगावं, एका झटक्यात सगळ्यांच्या टाचा जुळल्या! गवई थरथरत होता, तरी ताठ झाला. मुका ताठ, नवा माणूस ताठ, फाटकावरचा पहारेकरी ताठ. म्हाताऱ्या अधिकाऱ्यांचीसुद्धा पाठ नकळत सरळ झाली. कात्रीने अख्खं आयुष्य त्या आवारात काढलं होतं, तिचेही हात बाजूला आले आणि तिला स्वतःचाच संताप आला. सावधानमध्ये बोलायचं नसतं. ते पहिल्याच दिवशी शिकवतात. काही झालं तरी बोलायचं नसतं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याचीही मान वर गेली होती. त्याचा एकुलता एक बूट खुर्चीच्या पट्टीवर सरकला, जोडीची टाच शोधत. पुन्हा सरकला. तिथे काही नव्हतं. तो खाली बघायला लागला, तिने दुहेरी शिवलेल्या त्या काठाकडे. मग त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि चेहरा असा लाल झाला की तिला वाटलं, याला काहीतरी होतंय. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला रागावलेलं कधी बघितलंच नव्हतं, म्हणून तिला ओळखता आलं नाही.

"फेरी साहेबांनी बंद केली, सर," तो म्हणाला. मोठ्याने. "कपासाठी. गवयाला जागेवरून ओरडायला लावलं. आम्ही सगळे तिथे होतो, आणि आम्ही सगळे गप्प बसलो."

"सावधान म्हटलं ना मी!" साहेब किंचाळले. "ऐकू येत नाही?"

"येतं, साहेब. होता येत नाही," तो म्हणाला. "दुसरी टाच कुठून आणू?" आणि अधिकाऱ्यांकडे तोंड वळवून तो पुढचं सांगायला लागला.